एकच फाइल, दोन विंडो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या आमच्या संगणक वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विषय दर थोड्या दिवसांनी वर येतो. विचारणारे तऱ्हेतऱ्हेचे असतात: घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांचे सचिव, कोर्टाजवळ टायपिंग करणाऱ्या ताई, महापे-ऐरोलीला नोकरी करणारी मुलं, नेरूळचे इंजिनीअरिंगचे विद्यार्थी. एडिटर (मजकूर लिहायचा प्रोग्रॅम) प्रत्येकाचा वेगळा, पण घोळ बहुतेकदा तोच. म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. घाईत असाल तर प्रश्न २ वाचा आणि मग आपल्या एडिटरचा प्रश्न शोधा.

१. एकच फाइल दोन विंडोत उघडायची गरजच काय? वर-खाली स्क्रोल करून भागत नाही का?

दोन पानांची फाइल असेल तर भागतं. चाळीस पानांची असेल तर नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त घ्या. ठराव वर, त्याच्या खर्चाचा तपशील शेवटच्या परिशिष्टात. ठरावात 'लिफ्ट दुरुस्ती' म्हणून जी रक्कम लिहिली तीच परिशिष्टात आहे का, हे बघायला खाली जायचं, आकडा डोक्यात धरायचा, पुन्हा वर यायचं, आणि तेवढ्यात मधला शून्य गळालेला असतो.

आमच्याकडे एक निवृत्त काका ठाण्याच्या रेल्वेवर छोटी पुस्तिका लिहीत होते. पहिल्या प्रकरणात १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर–ठाणे गाडी, पुढे १८५४ मध्ये कल्याणपर्यंत गेलेला मार्ग, आणि शेवटी सनावळी. प्रकरणात एखादी तारीख दुरुस्त केली की सनावळीतही करायची, आणि ती दरवेळी राहून जायची. वरच्या अर्ध्या पडद्यावर प्रकरण आणि खालच्या अर्ध्यावर सनावळी ठेवल्यावर ती तक्रार बंद झाली.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. फंक्शन ओळ ४० वर लिहिलेलं, वापर ओळ ९०० वर, आणि दोन्ही एकदम डोळ्यासमोर हवेत.

२. दोन विंडो उघडल्या म्हणजे दोन फाइली झाल्या का? एकीत केलेला बदल दुसरीत दिसेल ना?

याचं उत्तर 'विंडो कशी उघडली' यावर आहे. या पानावरचे निम्मे प्रश्न इथूनच निघतात, म्हणून जरा सविस्तर.

एडिटर फाइल उघडतो तेव्हा डिस्कवरचा मजकूर वाचून मेमरीत घेतो. तुम्ही टाइप करता ते मेमरीतल्या मजकुरात जातं. सेव्ह केलं की मगच डिस्कवर उतरतं. आता दोन शक्यता.

पहिली: मेमरीत मजकूर एकच आहे आणि त्याच्याकडे दोन विंडो बघताहेत. एकीत 'क' टाइप करा, दुसरीत त्याच क्षणी 'क' उमटतो. सेव्ह करायची गरज नाही. कर्सर आणि स्क्रोलची जागा तेवढी प्रत्येक विंडोची आपापली. हेच आपल्याला हवं असतं.

दुसरी: एडिटर दोनदा सुरू झाला आहे आणि प्रत्येकाने तीच फाइल वाचून स्वतःची प्रत मेमरीत घेतली आहे. एकीत टाइप केलेलं दुसरीला कळतच नाही. झेरॉक्सवर पेनाने केलेली दुरुस्ती मूळ कागदावर उमटत नाही, तसंच हे. दोन्हींत बदल करून दोन्ही सेव्ह केल्या तर शेवटी सेव्ह झालेली प्रत आधीचीला पुसून टाकते.

पडद्यावर दोन्ही प्रकार अगदी सारखे दिसतात. ओळखायचा खात्रीचा उपाय असा: एका विंडोत एक अक्षर टाइप करा, सेव्ह करू नका, दुसऱ्या विंडोत तीच जागा बघा. अक्षर दिसलं तर निर्धास्त काम करा. नाही दिसलं तर एक विंडो लगेच बंद करा आणि आपल्या एडिटरची योग्य पद्धत खाली बघा.

३. नोटपॅड++ मध्ये कसं करायचं?

'व्ह्यू' मेनूत 'मूव्ह/क्लोन करंट डॉक्युमेंट' आहे, त्यात 'क्लोन टू अदर व्ह्यू' निवडा. पडदा दोन भागांत विभागतो आणि तीच फाइल दोन्हीकडे दिसते. मधली पट्टी ओढून रुंदी बदलता येते. पट्टीवर राइट क्लिक केलं की डावी-उजवी मांडणी वर-खाली करण्याची सोय मिळते.

त्याच यादीत 'मूव्ह टू अदर व्ह्यू' आहे. त्याने फाइल फक्त पलीकडे सरकते, दुसरी विंडो मिळत नाही. 'ओपन इन न्यू इन्स्टन्स' मात्र टाळा. त्याने प्रश्न २ मधला दुसरा प्रकार होतो. मुलं नेमकं तेच दाबतात, कारण त्याने सुटसुटीत वेगळी विंडो मिळते आणि ती दुसऱ्या मॉनिटरवर नेता येते.

मर्यादा एकच: नोटपॅड++ मध्ये असे भाग दोनच होतात, तिसरा होत नाही.

४. व्हीएस कोडमध्ये स्प्लिट येतं, पण मला दुसऱ्या मॉनिटरवर न्यायचं आहे. ते कसं?

स्प्लिटसाठी, म्हणजे पडदा दोन भागांत विभागायला, कंट्रोल आणि बॅकस्लॅश. हे बहुतेकांना माहीत असतं.

दुसऱ्या मॉनिटरसाठी टॅब माउसने धरून विंडोच्या बाहेर ओढा आणि सोडा. तो टॅब स्वतंत्र तरंगती विंडो होतो. मूळ जागी टॅब तसाच ठेवून प्रत बाहेर काढायची असेल तर कंट्रोल+के दाबून सोडा, मग ओ. ही सोय नोव्हेंबर २०२३ च्या १.८५ आवृत्तीपासून आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर त्याआधीची आवृत्ती असेल तर आयटीवाल्यांच्या मागे लागा. या तरंगत्या विंडोत मजकूर मेमरीत एकच राहतो.

'फाइल' मेनूतून 'न्यू विंडो' घेऊन तिथे तीच फाइल उघडणं ही वेगळी गोष्ट. तिथे दोन प्रती होतात. एका विंडोत न सेव्ह केलेले बदल नसतील तर दुसरीकडे सेव्ह केलेलं ती आपोआप उचलते, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं. दोन्हीकडे बदल झाले की खरी गोष्ट कळते. तेव्हा काय करायचं ते प्रश्न १० मध्ये.

५. वर्डमध्ये होतं का? मी कोर्टाचं काम करते, एडिटर वगैरे वापरत नाही.

होतं, आणि छान होतं. 'व्ह्यू' टॅबवर 'न्यू विंडो' दाबा. त्याच दस्तऐवजाची दुसरी विंडो उघडते, शीर्षकात नावापुढे १ आणि २ असे आकडे येतात. मजकूर एकच असतो. एकाच विंडोत दोन भाग हवे असतील तर त्याच टॅबवर 'स्प्लिट' आहे. काढायचं असेल तेव्हा मधल्या रेषेवर डबल क्लिक.

प्रतिज्ञापत्रासारख्या कामाला मी 'न्यू विंडो' सुचवेन. एका विंडोत नेहमीचं पान ठेवा आणि दुसरीत 'आउटलाइन' व्ह्यू लावा. परिच्छेदांना हेडिंगची स्टाइल दिलेली असेल तर पूर्ण अर्जाचा सांगाडा एका बाजूला आणि मजकूर दुसऱ्या बाजूला मिळतो. 'परिच्छेद ७ मध्ये नमूद केल्याप्रमाणे' असं लिहिताना सात नंबरला खरंच तेच आहे का, हे मान न वळवता दिसतं. झूमही दोन्हीकडे वेगळा ठेवता येतो.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये 'विंडो' मेनूत 'न्यू विंडो' आहे, काम तेच. रायटरमध्ये स्प्लिट मात्र नाही. कॅल्कमध्ये आहे.

६. विममध्ये? ऑफिसच्या सर्व्हरवर दुसरं काही चालत नाही.

कोलन देऊन 'स्प्लिट' लिहा आणि एंटर करा, म्हणजे वर-खाली दोन विंडो. 'व्हीस्प्लिट' लिहिलं तर शेजारी-शेजारी. किंवा कंट्रोल+डब्ल्यू आणि मग एस किंवा व्ही. एकीतून दुसरीत जायला कंट्रोल+डब्ल्यू दोनदा. हवे तितके तुकडे करा, मजकूर (विमच्या भाषेत 'बफर') एकच असतो.

चुकीची पद्धत म्हणजे दुसरं टर्मिनल (कमांड टाइप करायची विंडो) उघडून तिथे पुन्हा विम चालवणं. विम लगेच हरकत घेतो, ते प्रश्न ११ मध्ये.

जाता जाता एक किस्सा. मूळचा व्हीआय (विमचा पूर्वज) लिहिणाऱ्या बिल जॉय यांनी एका मुलाखतीत सांगितलं होतं की १९७८ च्या अखेरीस ते व्हीआयमध्ये अनेक विंडोंची सोय घालत होते. टेप ड्राइव्ह बिघडलेला, बॅकअप नाही, आणि त्यातच सोर्स कोड खराब झाला. त्यांनी तो नाद सोडला. विममध्ये एकाहून जास्त विंडो आल्या १९९४ च्या ३.० आवृत्तीत, आणि शेजारी-शेजारीच्या विंडोंसाठी २००१ च्या ६.० पर्यंत थांबावं लागलं. बॅकअप घ्या असं वर्गात सांगून कुणी ऐकत नाही, या किस्स्याने मात्र दोघंतिघं तरी घेतात.

७. ईमॅक्स वापरणारा मी एकटाच असेन, पण विचारतो.

एकटे नाही आहात, आणि या बाबतीत सगळ्यात जास्त सोयी तुमच्याकडेच आहेत.

कंट्रोल+एक्स मग २ केलं की वर-खाली, कंट्रोल+एक्स मग ३ केलं की शेजारी. कंट्रोल+एक्स मग ओ ने पलीकडे जायचं, कंट्रोल+एक्स मग १ ने पुन्हा एक विंडो. पूर्ण वेगळी विंडो हवी असेल तर कंट्रोल+एक्स, ५, २. ईमॅक्स तिला 'फ्रेम' म्हणतो, मदतपानं वाचताना तेवढं लक्षात ठेवा. दोन्हींत मजकूर एकच.

त्यापुढच्या दोन गोष्टी इतरांना सहसा ठाऊक नसतात. एक 'फॉलो मोड': शेजारी-शेजारी दोन विंडो करून तो सुरू केला की डावीकडचा मजकूर जिथे संपतो तिथून उजवीकडे पुढे सुरू होतो, वर्तमानपत्राच्या रकान्यांसारखा. रुंद मॉनिटरवर लांब फाइल वाचायला याहून चांगलं काही मी पाहिलेलं नाही. दुसरी 'इनडायरेक्ट बफर', कंट्रोल+एक्स, ४, सी. मजकूर तोच, पण त्याला वेगळं नाव, वेगळा मोड आणि वेगळी सेटिंग्ज. तिचा उपयोग प्रश्न १४ आणि १७ मध्ये आहे.

८. विंडोजचं साधं नोटपॅड?

स्प्लिट नाही. तीच फाइल दोन नोटपॅडमध्ये कशीबशी उघडलीत तर दोन प्रती होतात आणि शेवटी सेव्ह केलेली टिकते. नोटपॅड++ फुकट आहे, ते घ्या.

९. अंडू केलं तर फक्त त्याच विंडोतलं मागे जातं ना?

नाही. मजकूर एक असेल तर अंडूची यादीही एकच. तुम्ही वरच्या विंडोत एक परिच्छेद लिहिला, मग खालच्या विंडोत आकडा बदलला, आणि वरच्या विंडोत परत येऊन कंट्रोल+झेड दाबलं, तर आधी खालचा आकडा मागे जाईल, कारण शेवटचा बदल तो होता. बहुतेक एडिटर कर्सरही तिकडे उडी मारून नेतात, म्हणून 'विंडो आपोआप पळाली' अशी तक्रार येते. ती पळाली नाही, झालेला बदल दाखवायला गेली.

उपाय साधा: एका जागचं काम पुरं करून दुसरीकडे जा, आणि अंडू दाबताना नजर पडद्यावर ठेवा. ईमॅक्समध्ये मजकुराचा एक भाग निवडून अंडू केलं तर फक्त त्या भागातले बदल मागे जातात.

दोन वेगळ्या प्रती असतील (प्रश्न २ मधला दुसरा प्रकार) तर अंडू अर्थातच आपापलं.

१०. 'ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने बदलली आहे, रीलोड करू का?' असं विचारतं. हो म्हणू की नाही?

दाबायच्या आधी हात थांबवा. हा प्रश्न आला म्हणजे डिस्कवरचा मजकूर आणि तुमच्या मेमरीतली प्रत वेगळी झाली आहे. तीच फाइल दुसऱ्या विंडोत उघडी असेल, सिंक करणाऱ्या प्रोग्रॅमने बदलली असेल, किंवा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने.

या विंडोत तुम्ही न सेव्ह केलेलं काहीच नसेल तर बिनधास्त 'हो' म्हणा. डिस्कवरचं ताजं येईल.

या विंडोत काही लिहिलेलं असेल तर 'हो' म्हटल्याने ते जाईल, आणि 'नाही' म्हणून नंतर सेव्ह केलं तर समोरच्याचं जाईल. दोन्ही नकोत. 'नाही' म्हणा, मग 'सेव्ह अ‍ॅज' करून आपली प्रत वेगळ्या नावाने ठेवा, मूळ फाइल पुन्हा उघडा, आणि दोन्हींची तुलना करून बदल एकत्र करा. पाच-दहा मिनिटं जातात, पण काही हरवत नाही.

व्हीएस कोड आधी विचारत नाही. सेव्ह करताना फाइलमधला मजकूर अधिक नवा असल्याचं सांगून अडतो. तिथे 'ओव्हरराइट' सोडून 'कम्पेअर' दाबा. तुलना तोच मांडून देतो. विम सेव्ह करताना फाइल वाचल्यापासून बदलली आहे असं बजावतो आणि हो की नाही विचारतो. तिथे 'नाही' म्हणून कोलन 'डब्ल्यू' आणि पुढे नवं नाव द्या.

११. वीज गेली आणि आली, आता विम 'स्वॅप फाइल सापडली' म्हणून लांबलचक संदेश दाखवतो. घाबरून बंद केलं. काही गेलं का?

बहुधा काही गेलेलं नाही, उलट वाचलेलं आहे. विम तुमचं टायपिंग अधूनमधून बाजूच्या स्वॅप फाइलमध्ये लिहीत असतो: २०० अक्षरं झाली की, किंवा ४ सेकंद तुम्ही काही टाइप केलं नाही की. नीट बंद केला तर ती फाइल तो स्वतः काढून टाकतो. वीज गेली तर ती तशीच मागे राहते. ई३२५ हा संदेश तिचाच.

पण तीच फाइल दुसऱ्या टर्मिनलमध्ये उघडी असली तरीही हाच संदेश येतो. फरक संदेशातच लिहिलेला असतो. प्रोसेस आयडीच्या पुढे 'स्टिल रनिंग' दिसलं तर कुठेतरी विम चालू आहे. 'क्यू' दाबून बाहेर पडा, ती विंडो शोधा आणि प्रश्न ६ प्रमाणे तिथेच स्प्लिट करा. 'एडिट एनीवे' नको.

'स्टिल रनिंग' नसेल तर 'आर' दाबून रिकव्हर करा. आलेला मजकूर लगेच वेगळ्या नावाने सेव्ह करा, मूळ फाइलशी ताडून बघा, आणि समाधान झालं की जुनी स्वॅप फाइल काढा. ती काढली नाही तर पुढच्या वेळी हाच संदेश पुन्हा येतो आणि लोक 'रिकव्हर केलं तरी जात नाही' म्हणून ग्रुपवर येतात.

१२. दोन विंडोंपैकी एक बंद केली, त्याने 'सेव्ह करू का' विचारलंच नाही! माझं काम गेलं का?

नाही. मजकूर अजून दुसऱ्या विंडोत उघडा आहे, म्हणून विचारायची गरज नव्हती. शेवटची विंडो बंद करताना विचारेल. तसंच एका विंडोतून सेव्ह केलं की दुसरीतली 'सेव्ह न केलेलं' ही खूणही जाते. व्हीएस कोडमध्ये टॅबवरचं टिंब, नोटपॅड++ मध्ये लाल फ्लॉपी. सेव्ह करूनही दुसरीकडे खूण राहिली तर समजा की प्रती दोन आहेत.

१३. आमच्या सोसायटीत मी आणि खजिनदार एकच फाइल शेअर्ड फोल्डरमधून उघडतो. हे चालतं का?

तुम्ही दोघं दोन कॉम्प्युटरवर म्हणजे मेमरीत दोन प्रती, हे ठरलेलंच. प्रश्न एवढाच की तुमचा प्रोग्रॅम अडवतो का.

वर्ड अडवतो. फाइल उघडली की शेजारी ~$ ने सुरू होणारी छोटी लपलेली फाइल तयार होते, तिच्यावरून दुसऱ्याला 'अमुक व्यक्तीने उघडली आहे' असा संदेश मिळतो. तेव्हा फक्त वाचायला उघडा. लिब्रेऑफिसचीही अशीच कुलपाची फाइल असते. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर ती मागे उरते आणि घरात कुणी नसताना दार आतून लागल्यासारखं होतं. खरंच कुणी उघडलेली नाही याची फोनवरून खात्री करा, मगच ती काढा.

नोटपॅड++ किंवा व्हीएस कोडसारखे एडिटर असं कुलूप लावत नाहीत. तिथे प्रश्न १० ची पाळी येतेच.

दोघांनी खरंच एकाच वेळी लिहायचं असेल तर गूगल डॉक्ससारखी सोय वापरा. तिथे मजकूर सर्व्हरवर एकच असतो आणि प्रत्येकाचे बदल सतत मिसळले जातात. त्यामुळे एकट्याने दोन टॅबमध्ये तोच दस्तऐवज उघडला तरी बिघडत नाही.

१४. एका विंडोत फक्त एक प्रकरण दिसावं, बाकी लपावं, आणि दुसरीत सगळं दिसावं. जमेल?

घड्या घालून, म्हणजे नको तो भाग मिटवून, जमतं. विममध्ये घड्या त्या-त्या विंडोपुरत्या असतात. व्हीएस कोडच्या स्प्लिटमध्येही एकीकडे मिटलेला भाग दुसरीकडे उघडा राहू शकतो.

ईमॅक्समध्ये एक खाच आहे. 'नॅरो' (कंट्रोल+एक्स, एन, एन) करून मजकूर एका भागापुरता मर्यादित केला तर तो त्या बफरच्या सगळ्या विंडोत मर्यादित होतो, कारण ही मर्यादा बफरला लागते, विंडोला नाही. दुसऱ्या विंडोतला मजकूर अचानक नाहीसा झालेला बघून माणूस हबकतो. कंट्रोल+एक्स, एन, डब्ल्यू केलं की सगळं परत. एकाच विंडोत मर्यादा हवी असेल तर आधी प्रश्न ७ मधली इनडायरेक्ट बफर करा आणि तिथे नॅरो करा. काकांच्या पुस्तिकेसारख्या कामाला हे फार उपयोगी.

१५. दोन्ही विंडो एकत्र स्क्रोल होतील का?

होतात. नोटपॅड++ मध्ये टूलबारवर उभ्या आणि आडव्या स्क्रोलची दोन बटणं आहेत. विममध्ये दोन्ही विंडोत 'सेट स्क्रोलबाइंड'. व्हीएस कोडमध्ये कमांड पॅलेटमध्ये 'लॉक्ड स्क्रोलिंग' शोधा. वर्डमध्ये 'व्ह्यू साइड बाय साइड' केल्यावर 'सिंक्रोनस स्क्रोलिंग'.

एकाच फाइलला याचा उपयोग तसा कमी. पण फाइलच्या पहिल्या भागात इंग्रजी मसुदा आणि दुसऱ्या भागात त्याचं मराठी असेल तर दोन विंडो आपापल्या जागी आणून मग स्क्रोल बांधा. मधलं अंतर कायम राहून दोन्ही बरोबर सरकतात.

१६. एका विंडोत 'रिप्लेस ऑल' केलं. दुसऱ्या विंडोतही करावं लागेल का? आणि काही शब्द सुटलेच, ते का?

दुसरीत करायची गरज नाही, मजकूर एकच आहे.

शब्द सुटण्याचं कारण विंडोत नसून मराठीच्या टायपिंगमध्ये आहे. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात खालच्या टिंबाचा 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग 'या'. दुसऱ्यात साधा 'र', हलंत, न दिसणारं जोडचिन्ह, मग 'या'. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बहुतेक टेक्स्ट एडिटरांचा शोध त्यांना वेगळं समजतो. सचिवांनी लिहिलेला अर्धा मजकूर आणि खजिनदारांनी लिहिलेला अर्धा अशी फाइल असेल तर हे हटकून होतं. वरच्या विंडोतला एक शब्द कॉपी करून शोधात टाका, रिप्लेस करा. मग सुटलेल्यांपैकी एक कॉपी करून पुन्हा तेच करा.

टर्मिनलमधल्या विममध्ये जोडाक्षरं विस्कटून दिसत असतील तर तो दोष टर्मिनलचा आहे, फाइल ठीक असते. जास्त मराठी मजकुरासाठी व्हीएस कोड किंवा ईमॅक्स २७.१ (२०२०) आणि पुढची आवृत्ती वापरा, तिथे देवनागरी नीट जुळते.

१७. एक विंडो फक्त वाचण्यापुरती ठेवायची आहे, चुकून तिथे टाइप होतं.

ही मागणी रास्त आहे, पण बहुतेक ठिकाणी पुरी होत नाही. विममध्ये 'फक्त वाचायला' ही सेटिंग मजकुराला लागते, म्हणजे दोन्ही विंडोत लिहिणं बंद. व्हीएस कोडमध्येही फाइल रीड-ओन्ली केली की दोन्हीकडे. वर्डच्या दुसऱ्या विंडोलाही वेगळं कुलूप नाही.

ईमॅक्सची इनडायरेक्ट बफर इथे कामाला येते: ती तेवढी रीड-ओन्ली करा, मूळ बफरमध्ये लिहीत राहा, लिहिलेलं तिथे दिसत राहील.

सतत वाढणारी लॉग फाइल नुसती बघायची असेल तर नोटपॅड++ मध्ये 'व्ह्यू' मेनूतलं 'मॉनिटरिंग' सुरू करा. फाइलमध्ये नव्या ओळी आल्या की त्या आपोआप दिसतात, आणि तोवर त्या फाइलमध्ये टाइप करता येत नाही.

१८. स्प्लिट न करता मी तीच फाइल पुन्हा उघडली, तर एडिटर जुन्याच टॅबवर नेतो. पण कधीकधी दुसरा टॅब उघडतो. असं का?

बहुतेक एडिटर फाइल तिच्या पत्त्यावरून ओळखतात. पत्ता तोच असेल तर 'ही उघडीच आहे' म्हणून जुन्या टॅबवर नेतात. पण तीच फाइल एकदा झेड ड्राइव्हमधून (सर्व्हरवरच्या फोल्डरला दिलेलं छोटं नाव) आणि एकदा सर्व्हरच्या पूर्ण नेटवर्क पत्त्यावरून उघडली, तर एडिटरच्या लेखी त्या दोन फाइली. लिनक्सवर सिम्लिंकमधून (मूळ फाइलकडे बोट दाखवणारं दुसरं नाव) उघडली तरी व्हीएस कोडमध्ये हेच होतं. म्हणजे एकाच एडिटरमध्ये, शेजारी-शेजारी, तरीही दोन प्रती. विम आणि ईमॅक्स लिनक्सवर सिम्लिंक ओळखतात. ईमॅक्स तर दोन्ही नावं एकाच फाइलची असल्याचं खाली लिहून दाखवतो.

ऑफिसात हा घोळ वरचेवर होत असेल तर टॅबवर माउस नेऊन पूर्ण पत्ता वाचा. दोन्ही टॅबचे पत्ते वेगळे निघाले तर ज्यात बदल नाहीत तो बंद करा. दोन्हींत बदल असतील तर प्रश्न १० मधली पद्धत. आणि टीममध्ये एकदा ठरवून टाका की फाइल झेड ड्राइव्हवरूनच उघडायची.